टंकाळा, होयबा आणि मराठीची टांकसाळ

'टंकाळा' हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला ती टंकलेखनाची चूक वाटली. पुढचं वाक्य वाचलं, 'पुष्कळ सांगायचं होतं, पण टंकाळा आला', आणि मग घरात एकटीच मोठ्यांदा हसले. टंकणे आणि कंटाळा. संगणकावर एकेक जोडाक्षर जुळवत मराठी लिहिणाऱ्या पहिल्या पिढीने वीसेक वर्षांपूर्वी तो आपापसात रुळवला. त्याच मंडळींनी विद्युत आणि निरोप जोडून ईमेलचा 'विरोप' केला, आलेला मजकूर तसाच पुढच्या दहा जणांच्या गळ्यात मारण्याला 'ढकलपत्र' म्हटलं, आणि पुढे व्हॉट्सॲप आलं तेव्हा त्याचा 'कायप्पा' झाला. यातला विरोप मागे पडला. ढकलपत्र अजून ऐकू येतं. टंकाळा मात्र मला अस्सल नाणं वाटतं, कारण तो कुठल्याही परक्या शब्दाचा पर्याय म्हणून घडलेला नाही. माणसाला एक नवी गोष्ट जाणवली, तिला नाव नव्हतं, ते त्याने स्वतःच्या भाषेत ठेवलं आणि ठेवताना तो हसला.

'टंक' म्हणजे छाप, शिक्का. टंकशाळेची टांकसाळ झाली. मराठीची खरी टांकसाळ अशीच चालत आली आहे, अंगणात, पारावर, एसटीच्या थांब्यावर, शाळेच्या मधल्या सुट्टीत. थट्टेत घडलेल्या शब्दांना आपण खेळण्यासारखं बाजूला ठेवतो आणि गंभीर शब्द घडवायचं काम समित्यांकडे सोपवतो, हे मला चुकीचं वाटतं. नव्या गोष्टीला हसत नाव ठेवायची ही सवय सुटत चालल्यामुळे मराठी अडते आहे, असं मी मराठी शिकवता शिकवता इतक्या वर्षांनी म्हणते आहे.

बोलण्याबद्दलचे आपले शब्दच बघा. टकळी म्हणजे सूत कातायची चाती. ती गरगर फिरत राहते, म्हणून न थांबणाऱ्या तोंडाची टकळी झाली. चऱ्हाट म्हणजे दोर. वळत बसावं तसा लांबत जातो, म्हणून संपता न संपणाऱ्या हकिगतीचं चऱ्हाट झालं. उसाच्या हंगामात गुऱ्हाळ रात्रंदिवस चालतं, त्यावरून चर्चेचं गुऱ्हाळ आलं. जात्यावर तीच फेरी पुन्हा पुन्हा येते, म्हणून तेच तेच बोलणं हे दळण झालं. खोबरं किसावं तसा शब्दाचा कीस निघाला, आणि रस संपेपर्यंत चघळलेल्या विषयाचा चोथा. हे सगळे शब्द कष्टाच्या वस्तूंतून आलेले आहेत. कातणाऱ्या, दळणाऱ्या, दोर वळणाऱ्या माणसांनी हातातलं काम न सोडता शेजारच्याच्या बोलण्याला नाव ठेवलं आणि आजूबाजूचे हसले. आज 'चर्चेचं गुऱ्हाळ' अग्रलेखात येतं आणि कुणाला हसू येत नाही. पहिल्यांदा कुणाच्या तरी तोंडून निघालं तेव्हा नक्कीच आलं असणार.

याहून मला मोलाचे वाटतात ते सत्तेचं बोलणं उघडं पाडणारे शब्द. 'होयबा' घ्या. 'होय बा, होय बा' म्हणत मान डोलावणारा माणूस तीन अक्षरांत पकडला आहे. त्याचं वर्णन करायला एरवी एक परिच्छेद लागला असता. प्रत्येक अर्जाला नकार देणाऱ्या खिडकीमागच्या माणसासाठी 'नन्नाचा पाढा' आहे. पाढा पाठ असावा तसा त्याचा नकार पाठ असतो, विचार न करता येतो. हे ज्याने पहिल्यांदा ओळखलं त्याने कारकुनीचा पुरा अभ्यास केला होता. 'तोंडपाटीलकी' तर इतिहासच सांगते. पाटीलकीचं वतन कायद्याने गेलं, अधिकार नसताना नुसत्या तोंडाने गाव चालवायची हौस राहिली, आणि शब्द तिच्यासाठी कामाला आला. अलीकडचा 'वाचाळवीर' वर्तमानपत्रांतून आला. सभेत काहीही बोलून दुसऱ्या दिवशी 'माझ्या बोलण्याचा विपर्यास केला' असं सांगणाऱ्या पुढाऱ्यांची इतकी गर्दी झाली, की त्यांच्यासाठी एक सामान्यनाम लागलं, आणि पत्रकारांनी धर्मवीर-दानवीरांच्या रांगेत त्यांना बसवलं. समर्थांनी 'पढतमूर्ख' हा शब्द वापरला आणि दासबोधात त्याची लक्षणं सांगायला एक अख्खा समास दिला, तेव्हापासून ही परंपरा चालू आहे. ज्याच्या हातात दुसरं काही नाही त्याच्या हातात शब्द असतो. लोकांच्या तोंडी होयबा आहे तोवर होयबाला सुखाने होयबा राहता येत नाही.

मुलं हे कुणी न शिकवता करतात. आम्ही 'च'च्या भाषेत बोलायचो. शब्दाचं पहिलं अक्षर शेवटी न्यायचं आणि पुढे च लावायचा, की पाण्याचं 'चणीपा' होतं. मोठ्यांना कळू नये एवढाच हेतू होता, पण शब्द म्हणजे अक्षरांची रचना आहे आणि ती आपल्याला मोडता-जोडता येते हे व्याकरणाच्या तासाआधी तिथेच कळलं. मोठ्यांचाही असा खेळ होता. बाजारातल्या व्यापाऱ्यांची नंदभाषा होती. गिऱ्हाइकासमोर भाव ठरवायचा तर एक म्हणजे भुरका, चार म्हणजे पोकू, पाच म्हणजे मुळू, सात म्हणजे पवित्र. पोट भरण्याच्या व्यवहारातही लोकांनी शब्द घडवायची मजा सोडली नव्हती.

मग बिघडलं कुठे?

महाराष्ट्र राज्य झालं त्याच वर्षी, १९६० साली, भाषा संचालनालय स्थापन झालं. राज्याचा कारभार मराठीत व्हायचा तर अधिकाऱ्यांच्या पदांपासून टिपणीतल्या वाक्यांपर्यंत हजारो शब्द तातडीने हवे होते. १९६२ मध्ये पदनाम कोश निघाला आणि लगेच त्याची 'बदनाम कोश' अशी संभावना झाली. त्या कोशातले पुष्कळ शब्द आज आपण सहज वापरतो, हे त्याची चेष्टा करणारे विसरतात. पण चेष्टा फार लांब गेली. 'रेल्वेच्या सिग्नलला मराठीत काय म्हणतात सांग' असं विचारून 'अग्निरथगमनागमनसूचकताम्रपट्टिका' असं एका दमात म्हणून दाखवणारा एक काका प्रत्येक लग्नात भेटतो. टायला 'कंठलंगोट' म्हणतात हे त्याच्या पाठोपाठ येतं. हे शब्द मी कुठल्याही कोशात पाहिलेले नाहीत. ते मराठी शब्दांची टिंगल करायला मराठी माणसांनीच रचले, आणि साठ वर्षं तेच सांगून आपण मुलांना शिकवत आलो, की नवा मराठी शब्द म्हणजे हसण्याची गोष्ट, तो तोंडी घ्यायचा नसतो. मुलं ते शिकली. आज आठवीतल्या मुलाला 'संकेतस्थळ' म्हणताना लाज वाटते, 'वेबसाइट' म्हणताना वाटत नाही.

हाच विनोद गंमत म्हणून फार सुंदर आहे, हेही मला सांगितलं पाहिजे. अग्निरथापासून ताम्रपट्टिकेपर्यंतची ती समासाची आगगाडी जुळवायला भाषा चांगली यावी लागते. ज्या माणसाला ती जुळवता आली त्याला सिग्नलसाठी एक सुटसुटीत शब्दही सुचला असता. त्याची सगळी बुद्धी नकलेत गेली याचं मला दुःख होतं.

चूक एकाच बाजूची नव्हती. घडवणारे कोश उघडून बसले, तोंड उघडून बसले नाहीत. 'भ्रमणध्वनी' अर्थाला बिनचूक आहे. पण भाजीच्या पिशव्या सांभाळत, गर्दीत लोंबकळत, 'अहो, माझा भ्रमणध्वनी पडला' असं कुणाला ओरडता येईल? तिथे मोबाईल जिंकणारच. 'ध्वनिक्षेपक' परवानगीच्या अर्जात राहिला, आणि गिरणीच्या शिट्टीला म्हणायचे तो 'भोंगा' लोकांनी उचलून मांडवाच्या खांबावर चढवला. भोंगा म्हणताच आवाज ऐकू येतो, कपाळावर आठी पडते. त्या शब्दात तक्रार आहे, आणि ध्वनिक्षेपकात ती कधीच येऊ शकली नसती.

लोकांनी घडवलेले शब्द जिवंत कसे राहतात ते रस्त्यावर दिसतं. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. लोकांनी आग पाहिली, गाडी पाहिली, आणि आगगाडी म्हणाले. समुद्रात तेच आधी दिसलं होतं, तिथे निम्मा इंग्रजी शब्द घेऊन 'आगबोट' केली. शाळेत 'खोडरबर' झालं, त्यातलं खोडणं आपलं आणि रबर बाहेरचं, आणि त्या जोडणीत कुणाला काही वावगं वाटलं नाही. आवाजावरून 'फटफटी' आली. रंगावरून 'काळीपिवळी' आली, आणि एसटीच्या लाल गाडीची 'लालपरी'. सगळ्यांत मोठा पराक्रम 'सातबारा'चा. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा या महसुली कागदांचे आकडे शेतकऱ्याने जोडले आणि त्याचा एक शब्द झाला, इतका घट्ट की पुढे कर्जमाफीसाठी 'सातबारा कोरा करा' ही घोषणा झाली. अधिकार अभिलेख हे त्यातल्या नमुना सातचं कायद्यातलं नाव. बांधावर ते कुणी उच्चारल्याचं मी ऐकलेलं नाही. 'चारशेवीस'चंही तसंच. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता गेली, फसवणुकीचं कलम न्याय संहितेत ३१८ झालं, पण फसवणारा माणूस अजून चारशेवीसच आहे आणि पुढच्या दोन पिढ्या राहील असं मला वाटतं.

यावर म्हणतील, कायदा आणि शास्त्र काही थट्टेवर चालत नाही. बरोबर आहे. न्यायालयात एका शब्दाला एकच अर्थ लागतो आणि रसायनशास्त्राच्या पुस्तकात 'संप्लवन' असाच शब्द हवा. तिथे अभ्यासकांनी बसून, धातू आणि प्रत्यय तपासून शब्द घडवावेत, आणि आपण ते शिकावेत. संस्कृतातून आलेला शब्द म्हणून तो मेलेला असतो असंही नाही. सावरकरांनी रूढ केलेले महापौर, दिग्दर्शक, हुतात्मा हे शब्द आज मराठीचे आहेत असं सांगायची वेळच येत नाही. परके शब्द हटवण्याच्या त्यांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीला तेव्हा विरोध झाला, टिंगलही झाली. माधव ज्यूलियनांनी १९२५ मध्ये फार्शी-मराठी कोश केला होता, कवितेत फारशी शब्द मनमुराद वापरले होते, आणि तेच पुढे भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले, इतका तो वाद माणसांना आतून हलवणारा होता. पण दिग्दर्शक टिकला तो वादात कोण जिंकलं म्हणून नाही. तो पडद्यावर रोज दिसला आणि जिभेला अडला नाही.

जीभ हा निकाल सावकाश देते. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करून घेतला, फारशी पदांना संस्कृत नावं दिली. वाकनिसाचा मंत्री झाला, सुरनिसाचा सचिव, सरनौबताचा सेनापती. पेशव्याला मुख्य प्रधान म्हटलं, तरी लोक पेशवाच म्हणत राहिले आणि पुढचं शतक त्याच नावाने ओळखलं गेलं. उलट मंत्री आणि सचिव साडेतीनशे वर्षांनी कोणत्याही शिपायाच्या तोंडी आहेत. म्हणून नव्या शब्दाला हसू आलं एवढ्यावर तो टाकून देऊ नये. हसू हा नव्या कपड्याचा कडकपणा आहे, चार धुण्यांत जातो.

मात्र थट्टेच्या शब्दांची बाजू मांडताना मला एक गोष्ट लपवता येणार नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्या वर्गात वाडीवरून चालत येणारी एक मुलगी होती. ती 'पानी' म्हणायची, 'व्हतं' म्हणायची. वाचन फार चांगलं करायची. वर्गातल्या मुलींनी तिचं नाव 'व्हतंबाई' ठेवलं. शब्द म्हणून पाहिलं तर तो होयबाच्याच घाटाचा होता, तितकाच चटकदार. मी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला हसू आलं आणि मी ते लपवलं नाही. दिवाळीनंतर ती उत्तर द्यायला उभी राहीनाशी झाली. विचारलं तर मान हलवायची. मी तिच्या आईला भेटायला वाडीवर गेले तेव्हा ती विहिरीवर मैत्रिणींशी खळखळून बोलत होती, आणि मला पाहताच थांबली.

त्या दिवसापासून मी दोन प्रकारच्या थट्टेत फरक करते. होयबा, वाचाळवीर, नन्नाचा पाढा हे शब्द माणसाने केलेल्या निवडीला लागतात. मान डोलवायची की नाही हे त्याच्या हातात होतं. न आणि ण हे त्या मुलीच्या हातात नव्हतं. ते तिच्या आईच्या तोंडून आलं होतं, आणि ती बोली आपल्या जागी पूर्ण होती. तोतरेपणावरून, बोबडेपणावरून, बोलीवरून शब्द रचणारा माणूस भाषेत भर घालत नाही, तो भाषेतून एक आवाज कमी करतो. तो आवाज परत आणायला माझ्यासारखीला जन्म पुरत नाही. 'शुद्ध' मराठीच्या नावाखाली हे शाळाशाळांतून होत आलं आहे, आणि ज्यांना आपण असं गप्प केलं त्यांच्याचकडे दळण, चऱ्हाट, गुऱ्हाळ यांसारखे शब्द घडवणारी टांकसाळ होती. मालवणातल्या गजालींपासून वऱ्हाडातल्या फोकनाडपर्यंत, नुसत्या गप्पा आणि थापांसाठी प्रत्येक मुलखाकडे स्वतःचं नाणं आहे. प्रमाण मराठीने ते मोडीत काढलं तर तिच्याच खिशाला भोक पडतं.

म्हणून मला काही गोष्टी मागायच्या आहेत. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली. सक्तीच्या त्या तासात मुलं समानार्थी शब्द लिहितात, विरुद्धार्थी लिहितात, दुसऱ्यांनी घडवलेले समास सोडवतात. नवा शब्द घडवा असा प्रश्न मी एकाही प्रश्नपत्रिकेत पाहिलेला नाही. गणितात मूल स्वतः उदाहरण सोडवतं, चित्रकलेत स्वतः चित्र काढतं, मग भाषेतच त्याने फक्त साठवलेलं का काढून दाखवायचं? समास म्हणजे जोडायचं यंत्र आहे. ते मुलाच्या हातात चालू करून द्या, ते बंद करून त्याचे भाग मोजायला लावू नका. आणि जो शब्द घडेल त्याला 'हा शब्द कोशात नाही' असं लाल शाईत लिहू नका. आगगाडीही कधीतरी कोशात नव्हती.

कोशकारांकडेही मागणं आहे. मोल्सवर्थ कंपनीच्या सैन्यातला इंग्रज अधिकारी होता. त्याचा मराठी कोश १८३१ मध्ये निघाला, दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये. त्याने आपले घरगुती शब्द, ग्राम्य शब्द, व्यापाऱ्यांची ती गुप्त नंदभाषासुद्धा नोंदवली आणि कुठला शब्द कुठल्या थरातला हे प्रामाणिकपणे लिहिलं. दाते-कर्वे मंडळींनी १९३२ ते १९३८ या काळात महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड काढले, त्यातही बोलींना दार उघडं होतं. आज टंकाळा, ढकलपत्र, कायप्पा, वाचाळवीर यांना कोशात जागा मागितली की 'टिकतात का बघू' असं उत्तर मिळतं. नोंद करायला टिकण्याची वाट का पाहायची? विरोप गेला, पण तो होता, आणि एका पिढीने परक्या यंत्राशी कशी झोंबी घेतली हे तो सांगतो. आणि सरकारी परिभाषा घडवणाऱ्यांनी शब्द छापण्याआधी तो एका कंडक्टरला, एका तलाठ्याला आणि एका आजीला म्हणून दाखवायला लावावा. तिघांपैकी एकाचीही जीभ अडखळली नाही तर छापावा. त्या आजीने जर त्याऐवजी हसत दुसराच शब्द सुचवला, तर तो आधी लिहून घ्यावा.

गेल्या पावसाळ्यात मी आठवीच्या वर्गाला नेहमीचा निबंध दिला नाही. फोनवरच्या बोलण्यातल्या ज्या गोष्टींना मराठीत नाव नाही, त्यांना नाव द्या, एवढंच सांगितलं. आधी सगळे एकमेकांकडे बघत राहिले. मग मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, निरोप वाचूनही उत्तर न देणारा 'गपवाचक'. त्यानंतर मला फळ्यावर लिहायला जागा पुरेना. एका मुलीने, तीही वाडीवरचीच आहे, उठून सांगितलं, की तिची मावशी आठ-आठ मिनिटांचे बोललेले निरोप पाठवते, तेच तेच पुन्हा सांगते, आणि ते ऐकावं तर लागतंच, तर त्याला 'कानदळन' म्हणायचं. 'ण' नाही, 'न'च म्हणाली. वर्ग हसला, शब्दाला हसला, आणि ती मुलगीही त्यांच्याबरोबर हसली. मी फळ्यावर तिने म्हटलं तसंच लिहिलं.

आठवड्याने शिक्षकांच्या खोलीत वह्या तपासत बसले होते. समोरचे गणिताचे सर फोन कानाला लावून मला हाताने खूण करत म्हणाले, "थांबा जरा बाई, बहिणीचं कानदळन आलंय."